बंदूक ठरेपर्यंत

आमच्याकडे भाताचा कुकर घ्यायला दीड वर्ष लागलं होतं. तेव्हा बंदुकीचं काय होणार, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

माझा नवरा प्रताप रिटायर होईपर्यंत हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. यंत्र मोडेपर्यंत वापरून बघायचं आणि ते का मोडलं ते सांगायचं, हे त्याचं काम. ती सवय त्याने घरी आणली आणि आयुष्यभर माझ्या डोक्यावर मिरे वाटले. अमेरिकेत मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरी गावातली निम्मी मराठी मंडळी गाडी, गादी, डिशवॉशर काहीही घेण्याआधी त्याला फोन करतात आणि त्याचं मत तयार होईपर्यंत जुन्या गादीवर पाठ मोडून घेत झोपतात. मी भूलतज्ज्ञ होते. टेबलवर पेशंटचा श्वास अडला की कुठली नळी बरी याचा कीस पाडत बसता येत नाही, हाताला येईल ती घालायची असते. अशा दोन माणसांनी लग्न करू नये, पण आमच्या पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना त्यात काही वावगं दिसलं नाही.

ऋता आमची एकुलती एक. मिनियापोलिसमध्ये चांगल्या हुद्द्यावर होती. चौतिसाव्या वर्षी तिने नोकरी सोडली, इथून पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर एक जुनं फार्म घेतलं आणि शेळ्या पाळल्या. त्यांच्या दुधाचं चीज करते आणि शनिवारच्या बाजारात विकते. मी तिच्याशी कडाकडा भांडले, आणि भांडून झाल्यावर तिच्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन गेले. प्रताप भांडला नाही. "एमबीए करून शेळ्या राखायच्या, छान," एवढंच म्हणाला आणि तिच्याशी बोलणं बंद केलं. भांडण असतं तर मी मध्ये पडून मिटवलं असतं. गप्प बसणाऱ्या माणसाचं काय करायचं? तिचा फोन आला की तो "आईला देतो" म्हणायचा आणि फोन माझ्या हातात ठेवायचा. वर्ष उलटून गेलं तरी त्याने फार्मवर पाऊल टाकलं नव्हतं. ती तिकडे विचारायची, बाबा कसा आहे, आणि तो इकडे पेपर उलटा धरल्यासारखा त्याच पानावर बसून राहायचा. दोघांच्या मध्ये मी, टपाल पोचवायला.

मागच्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते, म्हणून स्पीकर लावला. कायोटीने तिचं एक करडू नेलं होतं. कायोटी म्हणजे इथला कोल्हा, आपल्याकडच्यापेक्षा थोराड आणि जास्त धीट. कुंपणाखालून माती उकरून आत आला होता. ऋता रडत नव्हती, पण प्रत्येक वाक्य अर्धंच सोडत होती. तेवढ्यात सोफ्यावरून, पेपरच्या मागून प्रताप म्हणाला, "बंदूक आहे का तिच्याकडे?"

विचारलं मला. पण फोन स्पीकरवर होता. "नाहीये," ऋता म्हणाली.

"मी बघितल्याशिवाय काही घेऊ नकोस."

मग तिचा आवाज आला, "ओके, बाबा."

मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. कोंडी फुटली, आठ दिवसांत बंदूक येईल, तो ती घेऊन फार्मवर जाईल आणि माझी सुटका होईल, असं मला वाटलं. मी किती भाबडी आहे हे त्यानंतर मला वर्षभर रोज कळत राहिलं.

पहिला महिना रायफल की शॉटगन यातच गेला. रायफलची एकच गोळी लांब जाते, म्हणजे उघड्या शेतावर रायफल. शॉटगनचे छर्रे जवळ पसरतात, म्हणजे झाडोऱ्यात शॉटगन. आता ऋताच्या फार्मवर शेतही आहे आणि ओढ्याकाठी झाडोराही आहे, म्हणजे झालं, घोडं तिथेच अडलं. मग रायफल म्हटली तरी गोळी कुठल्या मापाची? फार लहान घेतली तर जनावर जखमी होऊन तडफडतं, ते पाप. फार मोठी घेतली तर खांद्याला दणका बसतो आणि पोरीचा नेम चुकतो. टू-टू-थ्री नावाची एक गोळी बरी, असं त्याचं डिसेंबरात मत झालं. जानेवारीत टू-फॉर्टी-थ्री नावाची दुसरी एक आवडली, कारण वारा सुटला तर ती कमी ढळते. फेब्रुवारीत पुन्हा पहिलीवर आला. आमचा मित्र श्रीरंग, रिटायर्ड हार्ट स्पेशालिस्ट, ज्याने जन्मात जत्रेतल्या फुग्यांवरसुद्धा नेम धरलेला नाही, तो दर रविवारी येऊन आपलं मत द्यायचा आणि चर्चेचं गुऱ्हाळ नव्याने सुरू व्हायचं. भज्यांचा घाणा मी काढायचा.

पण बंदुकीचं एक वेळ सोसलं. कॉल मात्र सोसवेना.

कायोटी आपण होऊन समोर येत नाही, त्याला बोलवावं लागतं. त्यासाठी शिट्टीसारखं एक वाद्य मिळतं, त्याला कॉल म्हणतात. त्यातून संकटात सापडलेल्या सशाचा आवाज काढायचा, की आयतं जेवण मिळणार म्हणून कायोटी येतो. एक प्रकार असा की आतली पट्टी बंद असते, कुणीही फुंकलं तरी वाजतो, पण मिनेसोटाच्या थंडीत तोंडाची वाफ आत गोठते आणि तो मुका होतो. दुसऱ्याची पट्टी उघडी असते, ती दातांनी दाबून हवा तो आवाज काढता येतो, पण त्याला रियाज लागतो. तिसरा बॅटरीवर चालणारा भोंगा, तो लांब ठेवून रिमोटने वाजवायचा. प्रतापने तिन्ही आणले. चहा होताना मरणारा ससा, आंघोळीच्या आधी मरणारा ससा, माझा वामकुक्षीचा डोळा लागला की मरणारा ससा. शेजारच्या बाई एकदा काळजीने विचारायला आल्या, की तुमचं मांजर कुठे अडकलंय का. आमच्याकडे मांजर नाही. भजनाला आलेली यामिनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, "शैला, प्रतापची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, त्याची उत्तम आहे, माझी बघ.

आणि रोज संध्याकाळी चहा झाला की तो ऋताला फोन करायचा. आज काय वाचलं, कुठल्या दुकानात कोण काय म्हणाला, सगळं साग्रसंगीत. सुरुवातीला पाच मिनिटं, मग अर्धा तास. शेळ्यांबद्दल चकार शब्द नाही, तिच्या कामाबद्दल नाही. फक्त बंदूक आणि कॉल. फोनवरच फुंकून दाखवायचा आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा वाट बघायचा. एकदा तिने शांतपणे सांगितलं, "बाबा, दॅट्स अ डक." तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं आणि म्हटलं, हसतोयस काय, तुझी बंदूक येईपर्यंत तिथे एक शेळी उरणार नाही. चुकीची बंदूक ही नसलेल्या बंदुकीपेक्षा वाईट, हे त्याचं ठरलेलं उत्तर. ऐकून ऐकून माझे कान किटले. माझी पोर तिथे एकटी, रानातली कोल्हेकुई ऐकत झोपते, आणि हा इथे वाऱ्याने गोळी किती ढळते याची चिंता करतोय. कधी कधी मला तो भोंगा त्याच्या डोक्यात घालावासा वाटे. हे मी त्याला बोलूनही दाखवलं होतं.

एप्रिलमध्ये शेळ्या व्यायला आल्या तेव्हा मी ऋताच्या मदतीला गेले. प्रताप आला नाही. बंदूक ठरली की येईन, म्हणाला. एका सकाळी ती गोठ्यात अडलेल्या शेळीजवळ बसली होती आणि तिने मला हाक मारून कपाटातून टॉवेल आणायला सांगितलं. मागच्या दारापाशी दोन कपाटं आहेत. मी चुकीचं उघडलं. किल्ली त्यालाच लटकत होती.

आत टॉवेल नव्हते. रायफल होती. नवी कोरी नव्हे, दस्त्यावर ओरखडे असलेली, चांगली वापरलेली. तिच्या पट्ट्याला एक छोटासा उघड्या पट्टीचा कॉल बांधला होता आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या.

करडू बाहेर पडून उभं राहीपर्यंत मी दम धरला. मग विचारलं. ऋताने हात पुसले आणि आधी जमिनीकडे बघितलं. म्हणाली, "त्याच आठवड्यात घेतली, आई. शॉपमध्ये सांगितलं, ओपन फील्ड आहे, कायोटीज आहेत. त्याने दोन दाखवल्या. खांद्याला बरी वाटली ती घेतली, टू-टू-थ्री." किती वेळ लागला, असं मी विचारलं. लंचच्या आधी घरी परत आले होते, म्हणाली. दोन कायोटी तिने मारले होते. पहिल्या वेळी घरात येऊन रडली होती. आता ते या बाजूला फारसे फिरकत नाहीत, ती म्हणाली.

"मग बाबाला का नाही सांगितलंस? तो तिकडे माझ्या घराचं रान करतोय."

"त्याच संध्याकाळी सांगणार होते. बट ही कॉल्ड. स्वतःहून. पाच मिनिटं बोलला, आई. इट्स बीन ओव्हर अ यीअर, त्याने माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं." ती करडाचं अंग पुसत राहिली. "घेतली म्हटलं असतं, तर 'बरं' म्हणाला असता आणि फोन ठेवला असता. मग पुन्हा कशाला केला असता? प्लीज, डोन्ट टेल हिम."

मी चिडले. आतापर्यंत एकावर चिडत होते, आता दोघांवर. एक कारण नसताना बंदूक शोधतोय, दुसरी कारण नसताना ऐकून घेतेय, आणि साध्या दोन शब्दांनी जे झालं असतं ते करायला दोघांनाही भीती वाटतेय. पण गाडीत बसल्यावर मला रडू आलं ते आलंच. रोज संध्याकाळी, त्या थंडीत, शेळ्यांच्या वासात उभी राहून ही पोर बापाचा बेसूर ससा ऐकत होती, आणि तिचा स्वतःचा ससा पक्का झालेला होता.

मी गप्प राहिले. उन्हाळाभर गप्प राहिले. श्रीरंगच्या भज्यांचे घाणे काढले आणि त्या दोघांच्या बडबडीवर "हो का" म्हटलं. यासारखी शिक्षा माझ्या स्वभावाला दुसरी नाही.

आणि मग सप्टेंबरात एका सकाळी मी फुलके लाटत असताना प्रताप समोर येऊन उभा राहिला. "ठरलं," तो म्हणाला. टू-टू-थ्री, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून पुढची गोळी भरायची साधी रायफल, आणि उघड्या पट्टीचा कॉल. शनिवारी दुकानात जाऊन घेऊन टाकू.

म्हणजे ऋताने लंचच्या आधी जे आणलं होतं, नेमकं तेच.

हे ऐकायला मी वर्षभर तरसले होते. मी पेढे वाटायला हवे होते. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की शनिवारी बंदूक आली तर रविवारी हा फोन कशाला करेल? आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "घाई करू नकोस."

आमच्या सगळ्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. मला ताप आहे की काय हे हात लावून बघावं, असा तो माझ्याकडे बघत राहिला.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटत नाही, फक्त राग येतो. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, गाडीत कोथिंबीर सुकत असताना, मी बंदुकांचे आणि कॉलचे व्हिडिओ बघितले. एकदा आवाज बंद करायचा राहिला आणि शेजारच्या गाडीतलं लहान मूल सशाच्या किंकाळीने रडायला लागलं. श्रीरंगला फोन करून म्हटलं, प्रतापचं ठरतंय, तुला काही शंका असतील तर आत्ताच सांग. त्याला तेवढं पुरलं. त्याने शॉटगनचा विषय पुन्हा काढून एक शनिवार पुढे ढकलला. पण प्रतापने त्याला चारी मुंड्या चीत केलं आणि पुढचा शनिवार जवळ आला. मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. चहा देता देता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "ऋताच्या पूर्वेला शेजाऱ्यांचं घर आहे. रायफलची गोळी चुकली तर किती लांब जाते? तिकडे तोंड करून मारता येईल का?"

त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे तो कौतुकाने बघत होता. तसं त्याने मी फेलोशिप मिळवली तेव्हाही बघितलं नव्हतं. "हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?" तो म्हणाला. "याला व्हिडिओ उपयोगाचा नाही. जागेवर जाऊन बघायला पाहिजे."

हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. कधी, असं मी विचारलं.

"खंडेनवमीला जाऊ. ऋता करेल ना हत्यारांची पूजा?"

आमच्याकडे खंडेनवमी चुकत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्या हत्यारांवर घर चालतं ती पाटावर मांडायची आणि त्यांना हळदकुंकू लावायचं. माझा स्टेथोस्कोप, प्रतापची मोजमापाची अवजारं, ऋताचं व्हायोलिन. ती लहान असताना एकदा तिने व्हायोलिन मुद्दाम मांडलं नव्हतं, कारण तिला क्लास आवडत नव्हता. प्रतापने तिला खोलीत परत पाठवलं होतं. आवडतं ते नाही, वापरतेस ते ठेवायचं, लपवायचं नाही, असं सांगून.

मी लगेच ऋताला फोन केला. बाबा येतोय, ते कपाट बंद कर आणि किल्ली खिशात ठेव, असं बजावलं. "हो, आई," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

फार्मवर उतरल्यावर प्रताप घरात गेलाच नाही. नवे बूट, गळ्यात दुर्बीण, अंतर मोजायचं यंत्र. थेट कुंपणाकडे. शेजाऱ्यांचं घर, ओढा, झाडोरा, सगळं मोजून आला. ऋता त्याच्याबरोबर एक पाऊल मागे चालत होती आणि तो विचारेल तेवढ्याचं उत्तर देत होती. शेळ्यांकडे त्याने बघितलं नाही. पण पांढऱ्या कानांची एक आगाऊ शेळी मागून आली आणि त्याच्या जॅकेटची दोरी चघळायला लागली. त्याने दोरी सोडवली. तिने पुन्हा धरली. तो तसाच उभा राहिला, दोरी तिच्या तोंडात ठेवून, आणि टेकडीकडे बोट दाखवून उताराबद्दल बोलत राहिला.

मग आम्ही गोठ्यात गेलो. गवताच्या गठ्ठ्यांवर ऋताने पाट मांडला होता. कुंडीत जपलेल्या झेंडूची फुलं होती. दुधाची बादली, गाळणं, चीजचे साचे, शेळ्यांची खुरं कापायची कात्री. आणि या सगळ्यांच्या मधोमध, बोल्ट उघडा ठेवलेली, रायफल. पट्ट्याला कॉल.

मी ऋताकडे बघितलं. ती जागची हलली नाही. "बाबा, तूच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "वापरते ते ठेवायचं. लपवायचं नाही."

प्रताप वाकला. आत गोळी नाही ना, हे आधी त्याने डोळ्यांनी आणि मग बोट घालून बघितलं. दस्त्यावरचे ओरखडे बघितले. मग कॉल हातात घेतला आणि दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. लहानपणी तिची एक पेन्सिल अशा खुणांशिवाय नव्हती, आणि त्यावरून त्याने तिला कितीदा रागावलं होतं.

"कधी घेतलीस?"

"लास्ट नोव्हेंबर."

"म्हणजे मी म्हटलं त्यानंतर."

"हो. त्याच आठवड्यात."

त्याने कॉल होता तसा ठेवला. पूजा केली, नीट केली. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, रायफललाही. तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीच्या काचेवर कुंकवाचा कण पडला तो रुमालाने टिपून घेतला. आरती म्हटली. ऋताने खपून केलेल्या पुरणपोळ्या दोन खाल्ल्या. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, देवळातून निघताना उंबऱ्याला लावतो तसा. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. मी हवेबद्दल बोलले, रस्त्याच्या कामाबद्दल बोलले, आणि मग तेही संपलं.

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी मी चहा दिला. त्याने प्यायला. फोन टेबलावर होता. त्याने पेपर उचलला आणि उघडला.

माझा वर्षभराचा बांध तिथे फुटला.

"फोन कर," मी म्हटलं.

"कशासाठी? तिची बंदूक आहे. कॉल आहे. माझ्यापेक्षा चांगला वाजवत असेल." पेपर खाली आला नाही. "वर्षभर मी कुणाला सांगत होतो, शैला? भिंतीला?"

मी पेपर त्याच्या हातातून काढून घेतला. "भिंत रोज संध्याकाळी फोन उचलत नाही. पहिल्या दिवशी एका वाक्यात तिला तुझी कटकट संपवता आली असती. तिने नाही संपवली. तू बदकाचा आवाज काढलास, तो ऐकत गोठ्यात उभी राहिली. तुझा फोन बंद होईल म्हणून घाबरली होती ती. तिला बंदूक नको होती रे, बाप हवा होता. आणि मला एप्रिलपासून माहीत होतं. मी तुझी खरेदी मोडत होते, कारण तुझ्याकडे दुसरं काही बोलायलाच नाही."

त्याने माझ्या हातातला पेपर घेतला आणि त्याची घडी घातली. मग म्हणाला, "म्हणजे तो पूर्वेच्या घराचा प्रश्न?"

"व्हिडिओत बघितला."

"प्रश्न चांगला होता," तो म्हणाला. उठला, फोन उचलला आणि गॅरेजमध्ये गेला.

मी कप गोळा केले. नळ सोडला नाही, कारण गॅरेजचं दार त्याने लावलं नव्हतं आणि मी काही संत नाही. फोन स्पीकरवर होता. तिकडे एकदा वाजताक्षणीच उचलला गेला, पण ती काही बोलली नाही. तोही काही बोलला नाही. दोघं आपले हातात फोन धरून गप्प. मला वाटलं, आता मीच जाऊन बोलते.

मग तो म्हणाला, "ती पांढऱ्या कानांची. माझी दोरी खाणारी. नाव काय तिचं?"

"चंद्री," ऋता म्हणाली. मग नाक ओढून तिने सांगायला सुरुवात केली. चंद्री कशी कुंपण उघडते, कशी सगळ्यांच्या आधी दूध द्यायला रांगेत उभी राहते, आणि मेच्या वादळात तिने कसं दुसरीचं करडू आपल्यापाशी घेतलं. प्रताप मध्ये मध्ये "हं" करत होता. दोन वर्षांत त्याने तिचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि पदर नसल्यामुळे नॅपकिनने डोळे पुसले.

"आणि एक," तो म्हणाला. "तुझी ती खुरांची कात्री बोथट आहे. काल पूजेत बघितली मी. हाताला त्रास होत असेल तुझ्या."

"हो, बाबा. नवीन घेणारच आहे या वीकएंडला."

"नको," तो म्हणाला. "मी बघितल्याशिवाय काही घेऊ नकोस."

मी कपाळाला हात लावला.

"ओके, बाबा," ऋता म्हणाली.